कसर

ओरिसाबात त्या पहाटे धुकं इतकं खाली उतरलेलं
की ज्वालामुखी सोडाच, समोरची बेकरीही दिसेना,
फक्त गोड पावाचा वास वॉर्डभर,
आणि एउफ्रोसिना त्सानावा, वय एकसष्ट,
उपाशीपोटी पलंगावर बसून
दवाखान्याच्या झग्याची निघालेली नाडी टाचत होती.

तिच्या फायलीवर मी लिहिलं होतं: आज नाही.

डॉक्टर ओलिवेरोस चिडले.
गाठ आतड्यात आहे, म्हणाले, ती तुमच्या आकड्यांसाठी थांबत नाही.
मी म्हणाले, भूल मी देईन, जागीही करीन बहुतेक,
पण तुम्ही जोडलेली आतड्याची टोकं
पाचव्या दिवशी सुटली तर?
रक्त तीन महिन्यांचा हिशेब ठेवतं.
तिचा आला होता दहा पूर्णांक चार.

तिला सांगायला मी वाक्यं जुळवून गेले होते:
जंतू, मूत्रपिंड, हृदय, न भरणारी जखम.
तिनं निम्म्यातच विचारलं, विरलेलं कापड?
चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेत मी.
विरलेल्या कापडात टाका धरत नाही, पोरी.
दोरा तुटत नाही,
कापडच त्याच्याभोवती फाटत जातं.

मग सुई गादीत खोचून म्हणाली,
तीन आठवड्यांत कापड नवं होईल?
नवं नाही. जरा घट्ट.
आणि तेवढ्यात कसर किती खाईल?

मी नाडीकडे बघत राहिले.

इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ.
डाव्या तर्जनीतून रक्तच येईना,
सुईला सरावलेलं बोट ते, दगड झालेलं.
साखरेचे आकडे ती मापांच्याच वहीत लिहायची:
कंबर चोवीस, बाही सोळा, पहाट दोनशे दहा,
बिनबाहीचं जाकीट, एकशे शहात्तर.
एका रात्री चोपन्न.
नोएलियाला आई शिवणयंत्राला टेकलेली सापडली, घामानं निथळत.
मोरीत ओतून टाकायला सांगितलेला कोला
तिनं घोट घोट पाजला, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर
मलाच विचारलं, चुकलं का माझं?

बाविसाव्या दिवशी मी तिच्या उशाशी बसले.
रात्रीपासून पोटात पाणीसुद्धा नाही,
तरी साखर चढत गेली. दोनशे. दोनशे साठ.
भ्यालेलं शरीर स्वतःच्याच कोठारातून काढतं ती,
सुरी लागली की आणखी काढतं.
दर अर्ध्या तासाला एक थेंब, एक आकडा, पंपाला एक टिचकी.
ओलिवेरोस इतके हळू शिवताना मी कधी पाहिले नव्हते.

पाचव्या दिवशी आम्ही दोघंही
काहीतरी दुसरंच निमित्त काढून वॉर्डात आलो.
पोट मऊ होतं. नळीतलं पाणी स्वच्छ.
आतली शिवण धरली होती.
बाहेरची, बेंबीखाली, सातव्या दिवशी दोन बोटं उसवली, पू आला.
तिनं मान उचलून नीट पाहिलं.
इथे ताण होता, म्हणाली.

मग कागद आला.
चौदा ग्रंथींपैकी दोन.
त्या तीन आठवड्यांआधीही होत्या का,
हे कुठल्याही सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही.
ओलिवेरोसनी तो माझ्या टेबलावर ठेवला,
वरून पेन ठेवलं उडू नये म्हणून,
आणि काही न बोलता गेले.
बोलले असते तर बरं झालं असतं.

जाताना तिनं केमोचं विचारलं.
त्या औषधांबरोबर देतात त्या गोळीनं साखर वाढेल?
वाढेल, मी म्हणाले.
किती?
माहीत नाही.
ठीक आहे, म्हणाली. पिशवीतून वही काढली,
खडूनं माखलेली पट्टी काढली,
आणि कुणाच्या तरी कंबर सव्वीसच्या खाली
एक नवी रेघ ओढली.